भुकेलं पाणी

गाळणीच्या जाळीत तांदळाचा दाणा निघाला. कुंकवानं लाल झालेला, पाण्यात फुगलेला, अख्खा दाणा. जयवंतानं तो नखानं उचलून तळहातावर घेतला आणि पाहतच राहिली. आता स्वयंपाकघरात तांदूळ सांडला तर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण ही गाळणी होती हिंगणा रोडवरच्या कारखान्यातल्या नव्याकोऱ्या विजेच्या कॅबिनेटची, परतीच्या नळीवरची, आणि तिच्यातून रात्रभर जे पाणी फिरलं होतं ते जयवंतानं थेंब थेंब करून जमवलेलं होतं. तिनं मान वर करून मीटरकडे पाहिलं. पाण्यातून वीज किती वाहते ते सांगणारा तो मीटर. काल संध्याकाळी त्याची सुई शहाण्या मुलीसारखी हिरव्या पट्ट्यात बसली होती, आणि आज सकाळी पाहावं तर बया लाल पट्ट्यात जाऊन ठाण मांडून बसलेली. एकोणऐंशी सालचा मे महिना, सकाळची वेळ, तरी शेडचा पत्रा आत्तापासूनच कडकड वाजत होता. अजून थोड्या वेळात मालक येणार, कामठी रोडवरचे भट्टीवाले गिऱ्हाईक येणार, त्यांच्यासमोर हे यंत्र चालवून दाखवायचं आणि मग ठरणार की पुढची सगळी कॅबिनेटं तेलावर थंड करायची की पाण्यावर. तेल म्हणजे सगळ्यांचं म्हणणं. पाणी म्हणजे एकट्या जयवंताचं.

गेलं वर्षभर कारखान्यात दुसरा विषय नव्हता. लोखंड वितळवणाऱ्या भट्टीला वीज पुरवणारं हे कॅबिनेट, अख्खं नागपुरात बनलेलं. त्याच्या पोटात पेढ्याएवढ्या चकत्या, थायरिस्टर म्हणतात त्यांना. दिसायला एवढ्याशा, पण त्यांच्यातून जो करंट जातो त्यानं त्या अशा तापतात की घटकाभर गार ठेवल्या नाहीत तर फाटकन फुटून मोकळ्या होतात. पंख्यानं हवा मारावी तर उन्हाळ्यात नागपूरची हवा स्वतःच तव्यावरून उतरल्यासारखी. जर्मनीहून आलेल्या नकाशात लिहिलं होतं की पाण्यात ग्लायकॉल मिसळावं, म्हणजे कडाक्याच्या थंडीत नळ्या गोठत नाहीत. ते वाचून वर्क्स मॅनेजर महादेवराव असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "अरे बाप्पा! नागपुरात बर्फ फक्त रसवंतीत असते, तो बी गोणपाटात गुंडाळून ठेवा लागते!" परदेशात एक न पेटणारा, वीज न वाहणारा द्रव मिळत होता, पण त्याच्या परवान्यासाठी दिल्लीला खेटे घालता घालता माणूस म्हातारा झाला असता. नळाचं पाणी घालावं तर त्यात क्षार. वीजही वाहते आणि नळ्यांत चहाच्या किटलीसारखा पांढरा थर धरतो. उरलं तेल. महादेवरावांचा जन्म ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात गेलेला, त्यांच्या सदऱ्याला, बोटांना, बोलण्याला तेलाचा वास. तेलातून वीज जात नाही, तेल तांबं खात नाही, तेल म्हणजे घरचा माणूस, असं ते म्हणत. आणि जयवंता म्हणे, काकाजी, तेल आळशी आहे. उष्णता उचलायला सांगितलं तर पाण्याच्या निम्मीही उचलत नाही. शिवाय शेजारी लाल लोखंड उकळत असताना पिंपभर तेल ठेवायचं, म्हणजे होळीशेजारी कडबा रचायचा.

तिचं म्हणणं होतं की पाणीच घ्यायचं, पण त्यातलं सगळं काढून टाकायचं. रेझिनच्या नळकांड्यातून पाणी झिरपवायचं, म्हणजे त्यातला चुना, मीठ, लोह, सगळं मागे राहतं आणि खाली येतं ते नुसतं पाणी. डी.एम. म्हणजे क्षार काढलेलं पाणी. मग वीज त्यातून सहजासहजी जात नाही. पण असलं पाणी भुकेलं असतं, ही त्यातली मेख. त्याच्या अंगात काही उरलेलं नसतं, म्हणून ज्याला स्पर्श करील त्याचा घास घेतं. अॅल्युमिनियम तर ते मुळासकट खाऊन टाकतं. म्हणून जयवंतानं एकेक तोटी, एकेक जोड तांब्याचा नाहीतर स्टेनलेसचा करून घेतला. स्टोअरवाल्याशी भांडली, डोळे वटारले, गोड बोलली, पुन्हा भांडली. पहिल्यांदा जेव्हा सुई हिरव्या पट्ट्यात जाऊन बसली तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. हे पाणी मी केलं, असं तिला वाटलं होतं. पाणी कोणी करतं का? पण वाटलं होतं खरं, आणि त्या वाटण्याचा तिला अभिमान होता, का नसावा? केमिकलच्या वर्गात ती एकटी मुलगी. इंदोऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत तर एकटीच. तिची आई तुळसाबाई शेजारणींना ऐटीत सांगे, "माही पोट्टी पाण्याचं काम करते." मग शेजारणींना वाटे की ही नगरपालिकेत लागली. कोणी ना कोणी दारात येऊन उभी राही, "अवं जयवंता, आमच्या नळाले तीन दिवसांपासून धार नाही वं, जरा सांगजो न साहेबाले." आई त्यांना समजावायच्या भानगडीत पडत नसे. ती म्हणे, "सांगते सांगते, ती सांगते," आणि वर जयवंताला डोळा मारी.

तर हा दाणा. दाणा म्हणजे अक्षता, आणि अक्षता म्हणजे कालची पूजा. नवं यंत्र सुरू करायच्या आदल्या दिवशी त्याची पूजा करायची, नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं, ही कारखान्याची रीत होती. जयवंता पूजेला थांबत नसे. कोणी तिला जा म्हणत नव्हतं. तिचं तीच उठून जाई. छप्पन साली ती सहा वर्षांची होती. बापाच्या खांद्यावर बसून तिनं ती पांढऱ्या कपड्यांची गर्दी पाहिली होती, आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरात पूजा नाही. दसऱ्याला आई दीक्षाभूमीच्या रस्त्यावर पिंप मांडून उभी राहते आणि खेड्यापाड्यांतून चालत आलेल्यांना दिवसभर पाणी वाटते, हात दुखेस्तोवर. तोच तिचा सण. तेव्हा काल संध्याकाळी उदबत्तीचा वास आला तशी जयवंता मुकाट्यानं बाहेर पडली आणि मागच्या अंगाला पंपाची पाहणी करत बसली. तिला त्यात एक सूक्ष्म ताठा वाटे, माझं यंत्र मी पूजेशिवाय चालवते असा. आता तो दाणा तळहातावर घेऊन उभी असताना तिच्या मनात आलं, तो ताठाच नडला की काय? तिथं उभी असती तर पाण्याच्या टाकीचं झाकण उघडू दिलं असतं का कोणाला? पण उभी राहून काय म्हणाली असती? पूजा थांबवा? आणि झाकण उघडलं कोणी? तिला एकदम महादेवराव आठवले, आणि आठवताच राग डोक्यात गेला. वर्षभर तेल तेल करणारा माणूस. बाहेर अंगणात तेलाची पिंपं भरून तयार ठेवलेली. पाणी एकदा बिघडलं की आज दुपारीच ती आत येणार. वरून गोड बोलायचं, पोट्टी पोट्टी म्हणायचं, आणि हे असं! माणसं अशीच असतात, तिनं स्वतःला बजावलं, आणि असं बजावताना आपल्याला मनातून थोडं बरं वाटतंय, आपण हे केव्हापासून धरूनच चाललो होतो, हेही तिच्या ध्यानात आलं आणि ती आणखीनच चिडली.

तेवढ्यात शेडच्या दारातून महादेवराव आले. स्वच्छ धोतर, कपाळाला गंध, आणि हातात पितळी लोटी, वर तुळशीचं पान. त्यांनी जयवंताला पाहिलं नाही. सरळ टाकीपाशी गेले, लोटी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात झाकणावर ठेवला.

"हात नका लावू त्या टाकीले!"

जयवंता ओरडली. अशी ओरडली की लेथवरच्या माणसानं लेथ बंद केला. महादेवरावांचा हात जागच्या जागी थांबला. आणि त्या शांततेत जयवंताला आपलंच वाक्य ऐकू आलं. हे वाक्य तिचं नव्हतंच. ते तिच्या आजीनं ऐकलेलं होतं, रामटेककडच्या गावात, धानाच्या बांध्यांपलीकडच्या विहिरीवर. कोणीतरी येऊन वरून पाणी घालील म्हणून आजी तासन्‌तास घागर घेऊन उभी राहायची, आणि चुकून काठाजवळ सरकली की हे असंच वाक्य अंगावर यायचं, याच पट्टीत. आजी ते सांगताना नक्कल करून दाखवी आणि हसे. घरातलं कोणी हसत नसे. आज तेच वाक्य जयवंताच्या तोंडून निघालं होतं आणि गंध लावलेला एक म्हातारा माणूस पाण्यापासून हात मागे घेत होता. आणि खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं. छातीत काहीतरी मोठं होऊन उभं राहिलं. त्याच्या मागोमाग लाज आली, कारण महादेवरावांचा चेहरा शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखा झाला होता.

"काहून वं, काय झालं?" ते हळूच म्हणाले.

तिनं तळहात पुढे केला. "हे काय आहे काकाजी?"

त्यांनी चष्मा सरकवून पाहिलं. "अक्षता."

"टाकीत कोणी टाकल्या?"

"मीच टाकल्या. काल पूजेच्या वक्ती. अक्षता, हळदकुंकू, अन् रामटेकचं तीर्थ. तुही काकी मुद्दाम गेली होती रामटेकले, उन्हातान्हाची. हे पाहा, थोडं उरलं होतं ते बी घेऊन आलो." त्यांनी लोटी पुढे केली. "तुह्या पाण्याले कोनाची नजर नको लागाले म्हणून टाकलं वं. मी तेलवाला मानूस आहे, मले तुहं पाणी पटत नाही, ते वेगळं. पण एवढ्या लोकांसमोर पोट्टीची फजिती नको व्हाले, असं काकी म्हणे. मले बी वाटलं."

जयवंताच्या हाताशी राग धरायला काही उरलं नाही आणि धरलेला राग टाकायचा तरी कुठे? वर्षभर लढाई केली ती ज्याच्याशी, त्यानं आपल्यासाठी उन्हात बायकोला टेकडी चढायला लावली होती, आणि आणलेल्या प्रेमानंच पाणी नासलं होतं. कारण तीर्थ झालं तरी कुंडाचं पाणी, त्यात क्षार असणारच. कुंकवाची पूड असणारच. तरी सुई एकवेळ खाली आणता आली असती, रेझिनमधून चार-दोन वेळा फिरवून. पण दाणे! चकत्यांच्या खाली तांब्याच्या ज्या ताटल्या, त्यांच्यातल्या वाटा सुतळीएवढ्या बारीक. एका वाटेत एक दाणा अडकला की तेवढ्या जागी पाणी थांबणार, तेवढीच चकती तापणार, आणि फुटणार. तिनं हे सगळं महादेवरावांना सांगितलं. ते लोटी धरून उभेच होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मीच मारलं असतं तुह्या मशीनले."

मालक मनोहरराव आले ते घाम पुसतच. त्यांनी अर्धं ऐकलं आणि उरलेलं ऐकायची त्यांना घाई नव्हती. "अरे भाई, पार्टी गेटवर येऊन राहिली ना! ती सुई बंद करून टाका आजच्या दिवस. घंटाभर तर चालेल?"

चाललंही असतं. हे जयवंताला सगळ्यांत जास्त टोचलं. कदाचित घंटाभर चाललं असतं, टाळ्या वाजल्या असत्या, पेढे वाटले असते. आणि उद्या नाहीतर परवा भट्टीवर भर कामात चकती फुटली असती, आणि कामठीपासून भिलाईपर्यंत लोक म्हणाले असते, पाणी घातलं म्हणून फुटली. पाणी कोणाचं? त्या बाईचं. "नाही चालणार," ती म्हणाली. "सगळं पाणी काढावं लागेल, ताटल्या उघडून धुवाव्या लागतील. मी नवं पाणी भरून ठेवलेलं आहे काचेच्या बरण्यांत. मशीन दुपारी सुरू होईल."

"दुपारी? या उन्हात?"

"तुमची पार्टी काय हिवाळा पाहून लोखंड वितळवते का?"

मनोहरराव चपापले. कारखान्यात त्यांच्याशी असं कोणी बोलत नव्हतं. मग त्यांचा आवाज चढला. "एक लोटा पाण्यानं बिघडते तुमचं पाणी, बाई! एवढं नाजूक असेल तर तेलच बरं. काय महादेवराव? पिंपं तर तयारच आहेत. पंधरवड्यात तेलावर करून देता ना?"

झालं. हेच ते. वर्षभर ज्याची भीती होती ते आलं आणि किती साध्या आवाजात आलं. जयवंतानं महादेवरावांकडे पाहिलं नाही. कोणाच्या उपकाराची वाट पाहत उभं राहायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं, आणि बोलायला तोंड उघडलं तोच ते म्हणाले, "लोटा मी टाकला साहेब. तिनं नाही. अन् ट्रान्सफॉर्मरच्या तेलात मी असा लोटा टाकला असता, तर तो बी उडाला असता. माहीत आहे मले. तरी टाकला." एवढं बोलून त्यांनी लोटी खिडकीत ठेवली, धोतराचा सोगा खोचला आणि विचारलं, "सांग वं जयवंता, कोणती तोटी आधी खोलू?"

मग सगळे कामाला लागले. तीर्थ गटारात जाऊ द्यायला महादेवरावांचा जीव धजेना, म्हणून टाकीतलं पाणी बादल्यांनी नेऊन ते गेटाजवळच्या कडुनिंबाला घालत राहिले, खेप मागून खेप, साठीला टेकलेला माणूस. जयवंतानं ताटल्या उघडल्या. तिसऱ्या ताटलीच्या वळणावर आणखी दोन दाणे एकाला एक चिकटून बसलेले निघाले. तिनं महादेवरावांना बोलावून दाखवले. तिला आपल्या आधीच्या संशयाची आठवण झाली, आणि तिनं ठरवलं की ते आपण यांना कधी सांगायचं नाही. त्यांनी लोटा टाकला ते कबूल केलं, आपण मात्र नाही करायचं. एवढं तरी आपल्याजवळ राहू दे. बरणीतलं नवं पाणी टाकीत सोडताना त्याचा आवाज इतका हलका, इतका कोरा आला की तिचा ऊर भरून आला. सुई सरकत सरकत हिरव्यात येऊन बसली. तिनं झाकण घट्ट लावलं.

भर दुपारी यंत्र सुरू झालं. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आत कॅबिनेटनं आधी गुणगुण केली आणि मग त्याला सूर सापडला. शेडमधल्या चाचणीच्या भट्टीतलं लोखंड आधी काळं, मग लाल, मग नारिंगी झालं, आणि मग भाजलेल्या रताळ्यासारखं आतून मऊ पडून खाली बसलं. भट्टीवाले आनंदराव, जाडजूड, पांढरी टोपी, घामानं निथळत, मुकाट पाहत होते. जयवंता लोखंडाकडे पाहत नव्हती. तिचा तळहात परतीच्या नळीवर होता. नळी गरम होती, पण हात ठेवण्याइतकी गरम. चकत्यांची आग घेऊन पाणी तिच्या तळव्याखालून धावत होतं, जात होतं, गार होऊन परत येत होतं, थकत नव्हतं, कुरकुरत नव्हतं. शाब्बास, ती मनातल्या मनात म्हणाली, शाब्बास माझ्या पाण्या. ती एकटीच हसत होती आणि तिला कोणी पाहिलं तरी तिची हरकत नव्हती. इतका गर्व बरा नाही, असं आई म्हणाली असती, आणि स्वतः गल्लीभर सांगत सुटली असती. महादेवराव मीटरसमोर स्टूल टाकून बसले होते, सुई हलते का ते पाहत, तपश्चर्येला बसल्यासारखे. भट्टी ओतून झाली, पुन्हा भरली, पुन्हा वितळली. सुई हलली नाही. शेवटी महादेवरावांनी गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "नाही हालत बाप्पा. हट्टी आहे, मालकिणीसारखी."

आनंदरावांनी टोपी काढून डोकं पुसलं. "हे पाण्याचं कोणी ठरवलं?" त्यांनी मनोहररावांना विचारलं. मनोहररावांनी घसा खाकरला, पण उत्तर जयवंतानंच दिलं.

"मी ठरवलं."

"तुम्ही?" त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आडनाव काय बाई तुमचं?"

हा प्रश्न कसा येतो, कुठून येतो आणि त्याच्या उत्तरानंतर जी एवढीशी जागा रिकामी राहते ती कशी असते, हे जयवंताला पाठ होतं. कॉलेजात ती नुसतं नाव सांगून गप्प बसे. आज तिनं त्या जागेची वाट पाहिलीच नाही. "फुलझेले," ती म्हणाली. "जयवंता बळीराम फुलझेले. इंदोऱ्याची."

तरी ती जागा आलीच. पंख्याचा आवाज ऐकू आला. आनंदरावांनी टोपी पुन्हा घातली, नीट केली, यंत्राकडे पाहिलं, भट्टीतल्या उजेडाकडे पाहिलं. धंदा जिंकला की आणखी काही, कोण जाणे. "मग फुलझेले बाई," ते म्हणाले, "आमच्याकडे दोन मशीनी बसवा. पाण्याच्याच. आमच्या आवारात आजोबांच्या वेळची विहीर आहे. तिचं पाणी गावात एक नंबर. तेच वापरा."

"एक नंबर आहे की नाही ते असं सांगता येत नाही," जयवंता म्हणाली. "मी सोमवारी येते. आधी तुमची विहीर तपासते. मग सांगते, तिचं पाणी मला चालेल की नाही ते."